इराणी मांजराची कुळकथा

घोडा विकत घेतांना त्याची अवलाद विचारतात, बैल घेतांना तो खिल्लारी कीं डांगी हें पाहतात, कुत्र्याचीसुद्धां जात काढतात. मांजराच्या कुळाची चौकशी मात्र आपल्याकडे सहसा कोणी करीत नाहीं. तें कोठून तरी येतें, चुलीच्या उबेला बसतें, माळ्यावर पिलें घालतें आणि घरचें होतें. याला एक अपवाद आहे. अंगभर लांब रेशमी केंस, गळ्याभोंवतीं आयाळ, गोल तोंड, आखूड पाय आणि चवरीसारखें शेंपूट असें मांजर एखाद्याच्या ओसरीवर दिसलें कीं येणाराजाणारा थबकून विचारतो, "हें इराणी ना?" घरधनीही अभिमानानें होय म्हणतो. हें नांव जगभर रूढ आहे. इंग्रजींत त्यालाच पर्शियन म्हणतात. परंतु या नांवाचा खरेखोटेपणा तपासावयाचा झाला तर रोमच्या एका सरदारपुत्रापासून पुण्याच्या रेसिडेंटापर्यंत बरेच साक्षीदार बोलवावे लागतात, आणि त्यांच्या जबान्या एकमेकींशीं सर्वस्वीं जुळत नाहींत.

पहिली जबानी पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाची. १५८६ सालीं रोममधील एका सधन घराण्यांत हा जन्मला. तरुणपणीं जिच्यावर मन जडलें तिचें लग्न दुसरीकडे झालें, आणि त्या दुःखांत हा यात्रेकरू होऊन १६१४ सालीं व्हेनिसहून पूर्वेकडे निघाला. कॉन्स्टँटिनोपल, मिसर, जेरुसलेम असें करीत तो बगदादेस पोंचला. तेथें मानी नांवाच्या ख्रिस्ती तरुणीशीं त्यानें विवाह केला, आणि १६१७ सालीं तो शहा अब्बासच्या इस्फहान राजधानींत आला. तुर्की, अरबी, फारशी या भाषा त्यानें शिकून घेतल्या. जें जें पाहिलें तें तें तो नेपल्समधील आपल्या एका वैद्य मित्रास पत्रांतून कळवीत असे. लढाया, दरबार, बागा आणि लोकांच्या चालीरीती यांच्या जोडीला १६२० सालच्या जून महिन्यांतील पत्रांत त्यानें मांजरांविषयीं लिहिलें. युरोपीय वाङ्मयांत लांब केंसांच्या इराणी मांजराचीं जीं जुन्यांत जुनीं तपशीलवार वर्णनें आहेत, त्यांत या पत्राची गणना होते.

त्याचें म्हणणें असें : हीं मांजरें मूळ खोरासान प्रांतांतलीं. आकारानें व बांध्यानें तीं इतर मांजरांसारखींच; शोभा आहे ती रंगांत आणि केंसांत. रंग राखाडी, अंगावर पट्टा नाहीं कीं ठिपका नाहीं. पाठीवर आणि डोक्यावर तो गडद, छातीकडे व पोटाकडे उतरत उतरत जवळजवळ पांढरा. केंस बारीक, तकतकीत, रेशमासारखे मऊ. कुरळे नव्हेत, पण गळ्याखालीं किंचित् लहरदार. सर्वांत देखणें तें शेंपूट : त्यावर पांचसहा बोटें लांब केंस, आणि तें खारीप्रमाणें पाठीवर उलटवून घेण्याची या मांजरांची ढब. स्वभावानें अगदीं माणसाळलेलीं. या वर्णनांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नाकाविषयीं त्यांत अक्षर नाहीं. बांधा इतर मांजरांसारखा असें सांगून हा प्रवासी पुढें जातो. तोंड चपटें असतें तर शेंपटावरचे केंस बोटांनीं मोजणाऱ्या माणसाच्या नजरेंतून तें सुटतें ना.

पोर्तुगीजांनीं हीं मांजरें इराणांतून हिंदुस्थानांत नेलीं होतीं, असेंही तो नमूद करतो. यांत आश्चर्य कांहीं नाहीं. इराणच्या आखाताच्या तोंडाशीं असलेलें होर्मुझ बेट १५१५ पासून १६२२ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें. तेथून गोव्यापर्यंतचा जलमार्ग नित्याचा. इराणी आणि अरबी घोडे याच वाटेनें येऊन मांडवीच्या कांठीं उतरत. तेव्हां आपल्या किनाऱ्याशीं या मांजराची ओळख इंग्रजांच्या आमदानींत झाली हा समज कांहीं खरा नव्हे. ती त्याहून दोन शतकें तरी जुनी आहे.

देल्ला व्हाल्लेजवळ स्वतःच्या चार जोड्या होत्या, आणि इटलींत नेऊन त्यांचा वंश वाढवावा असा त्याचा मानस होता. परंतु परतीचा प्रवास त्यानें आंखला तसा घडला नाहीं. होर्मुझच्या बाजूला युद्ध पेटलें, वाटा बंद झाल्या, आणि १६२१ च्या डिसेंबरांत मिनाबजवळ त्याच्या पत्नीचा अंत झाला. तिला परक्या भूमींत पुरण्यास त्याचें मन घेईना. देहाला मसाले भरून तो त्यानें पेटींत ठेवला आणि ती पेटी बरोबर घेऊन तो पुढचीं वर्षें हिंडला. १६२३ सालीं तो सुरतेस उतरला, खंबायत व अहमदाबाद पाहून आला, आणि किनाऱ्याकिनाऱ्यानें चौलावरून एप्रिलमध्यें गोव्यास पोंचला. तेथून इक्केरीच्या नायकाचा दरबारही त्यानें पाहिला. १६२६ सालीं तो रोमला परतला, तेव्हां कोठें त्या पेटीला विसांवा मिळाला. मांजरांसाठीं योजलेली वाट अशी एका शोकयात्रेची वाट झाली.

युरोपांत लांब केंसांचें मांजर रुजलें तें दुसऱ्या दारानें, तुर्कस्थानांतून. तेथील अंगोरा शहर, ज्याला आज सारें जग अंकारा म्हणतें, लांब लोकरीच्या बकऱ्यांकरितां प्रसिद्ध. तशींच तेथलीं पांढरीं मांजरें. फ्रान्समधील एक्स येथें पेरेस्क नांवाचा एक व्यासंगी न्यायाधीश होऊन गेला (१५८०–१६३७). नाणीं, हस्तलिखितें, ग्रहतारे, वनस्पती, असा एकही विषय नव्हता ज्याची त्याला हौस नव्हती. त्यानें अंगोरा मांजरें आणविलीं, त्यांची पैदास केली, आणि ज्यांच्याकडून एखादें दुर्मिळ पुस्तक वा उपकार मिळवावयाचा त्यांस तो पिलूं नजर करूं लागला. दरबारीं मंडळी मोहरांनीं वश होत नसतील तेथें मांजराच्या पिलानें होत असावीत! अशा रीतीनें हें मांजर फ्रेंच दिवाणखान्यांत शिरलें.

१७५६ सालीं ब्युफाँ या थोर फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानें आपल्या विशाल ग्रंथांत मांजराचें प्रकरण लिहिलें, त्यांत त्यानें देल्ला व्हाल्लेचें वर्णन उतरून घेतलें आणि असा निष्कर्ष काढला कीं, रंग सोडला तर खोरासानचें मांजर व अंगोराचें मांजर यांत फरक नाहीं, दोन्ही एकाच वंशाचीं असावींत. मात्र अंगोरा हें गांव त्यानें सीरियांत नेऊन बसविलें आहे. एवढ्या मोठ्या पंडिताच्या हातून भूगोलाची ही चूक व्हावी याची मौज वाटते. पण त्या काळीं ही मांजरें समुद्रमार्गानें, या बंदरांतून त्या बंदरांत, अनेक हातांतून येत. विकणारा सांगेल तें गांव आणि घेणारा समजेल तो देश.

आतां ज्याची जबानी महाराष्ट्राला विशेष जवळची वाटेल तो साक्षीदार पाहूं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हें नांव पेशवाईच्या अखेरीशीं जोडलेलें आहे. १८११ पासून तो बाजीरावाच्या दरबारीं पुण्यास रेसिडेंट होता, आणि १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर. परंतु त्यापूर्वीं, १८०८ सालीं, नेपोलियनच्या स्वारीच्या धास्तीनें कंपनी सरकारनें त्याला काबूलच्या शहा शुजाकडे वकील म्हणून पाठविलें होतें. दिल्लीहून वाळवंट ओलांडून ही वकिलात १८०९ च्या आरंभीं पेशावरास पोंचली व शहाची भेट तेथेंच झाली. काबूल शहर एल्फिन्स्टनला पाहावयास मिळालेंच नाहीं. तरीहि व्यापारी, मुल्ला, सरदार, यात्रेकरू, जो भेटेल त्याला प्रश्न विचारून त्यानें त्या देशाची बारीकसारीक माहिती जमविली. तिचा मोठा ग्रंथ १८१५ सालीं लंडनला प्रसिद्ध झाला, त्या वेळीं हा गृहस्थ पुण्यांत संगमावरच्या आपल्या बंगल्यांत बसून बाजीरावाच्या हालचालींवर नजर ठेवून होता.

त्या ग्रंथांत काबूलच्या राज्यांतील प्राण्यांची मोजदाद करतांना तो मांजरांकडे वळतो. लांब केंसांच्या मांजराला तेथें बुराक म्हणतात. तीं फार मोठ्या संख्येनें परदेशीं पाठविलीं जातात. सगळीकडे लोक त्यांना इराणी मांजरें म्हणतात. परंतु ज्या देशाचें नांव त्यांना लागलें आहे त्या देशांत तीं विपुल नाहींत, आणि तेथून तीं बाहेर क्वचितच जातात, किंबहुना जातच नाहींत, असा त्याचा अभिप्राय आहे. म्हणजे इराणी म्हणून जें मांजर हिंदुस्थानांत विकलें जात होतें तें बहुतेक काबूलकडचें! बनारसी म्हणून विकलेला प्रत्येक शालू कांहीं बनारसच्या मागावर विणलेला नसतो, त्यांतलाच हा प्रकार.

येथें देल्ला व्हाल्ले आणि एल्फिन्स्टन यांच्या सांगण्यांत उघड विरोध दिसतो. पण नकाशा पुढें घेतला तर तो बराच निवळतो. देल्ला व्हाल्लेच्या काळचें खोरासान म्हणजे आजच्या इराणच्या ईशान्येचे कांहीं जिल्हे एवढेंच नव्हे. आज अफगाणिस्थानांत असलेलें हेरात हें त्या काळीं सफवी खोरासानचें एक मुख्य शहर होतें. हेरातेहून काबूलकडे कारवानांची वाट जात होती. राज्यांच्या सीमा बदलल्या, मांजरें होतीं तेथेंच राहिलीं. एकानें त्यांना इराणचीं म्हटलें, दुसऱ्यानें काबूलचीं. दोघेही एकाच डोंगराळ मुलखाकडे बोट दाखवीत असावेत असें मानणें अधिक सयुक्तिक आहे.

या मुलखांत थंडी कडक, म्हणून मांजरांना लांब केंस आले, असें पूर्वीं सर्रास सांगत. आजचें शास्त्र निराळें सांगतें. प्रत्येक केंस कांहीं काळ वाढतो आणि मग थांबतो. "आतां पुरे" असा हुकूम देणारें एक जनुक मांजराच्या शरीरांत आहे. त्यांत बिघाड झाला कीं हुकूम सुटत नाहीं आणि केंस वाढत राहतो. असे चार वेगवेगळे बिघाड २००७ सालच्या संशोधनांत सांपडले. त्यांपैकीं एक तर जगांतील लांब केंसांच्या बहुतेक सर्व जातींत आहे. हा गुण दबता आहे. आई व बाप दोघांकडून मिळाला तरच तो दिसतो. एकाकडूनच मिळाला तर मांजर आखूड केंसांचेंच राहतें, पण गुण रक्तांत लपलेला असतो. म्हणून लांब केंसांचा बोका गांवच्या मांजरीला मिळाला तर पहिल्या पिढींत सगळीं पिलें साधीं. पुढें त्याच पिलांचे एकमेकांशीं संबंध आले कीं सरासरीनें चारांत एक पिलूं पुन्हां लांब केंसांचें. या हिशेबाचा उपयोग पुढें होणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या मांजराची कथा लंडनला येऊन पोंचते. १३ जुलै १८७१ रोजीं क्रिस्टल पॅलेस या कांचेच्या महालांत मांजरांचें एक मोठें प्रदर्शन भरलें. तें भरविणारा हॅरिसन वीयर हा पशुपक्ष्यांचीं चित्रें काढणारा कलावंत होता. मांजर म्हणजे उंदीर मारण्यापुरता पाळलेला जीव, या समजुतीचा त्याला संताप होता. लोकांनीं त्याचें सौंदर्य पाहावें व त्याला नीट वागवावें, एवढाच त्याचा हेतु. प्रदर्शन विलक्षण गाजलें आणि तशीं प्रदर्शनें ठिकठिकाणीं भरूं लागलीं. खुद्द व्हिक्टोरिया राणीलाही या लांब केंसांच्या मांजरांचा शौक होता, मग सरदारांच्या व सावकारांच्या घरांतून ती हौस पसरण्यास कितीसा उशीर! राखाडी रंगाला तेव्हांपासून "निळा" म्हणूं लागले. १८८९ सालीं वीयरनें मांजरांवर पुस्तक लिहिलें, त्यांत त्यानें अंगोरा, इराणी आणि रशियन अशीं लांब केंसांचीं मांजरें निरनिराळीं वर्णिलीं आहेत.

हा भेद फार दिवस टिकला नाहीं. पैदास करणाऱ्यांनीं अंगोराचा इराणीशीं संकर केला, इराणीचा गांवच्या मांजरांशीं केला. भारदस्त अंग, दाट लोकर आणि गोल डोकें यांस बक्षिसें मिळूं लागलीं व अंगोराचा सडपातळ बांधा मागें पडला. १९०३ सालीं फ्रान्सिस सिम्सन या बाईंनीं मांजरांचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं स्पष्टच सांगून टाकलें कीं, दोहोंतला फरक इतका सूक्ष्म आहे कीं सर्व लांब केंसांच्या मांजरांना आपण इराणीच म्हणणार. अंगोरा म्हणून जें मांजर होतें तें हळूहळू दिसेनासें होत आहे. एका लेखणीच्या फटकाऱ्यानें एका जुन्या जातीचें नांव युरोपच्या वहींतून पुसलें गेलें. तें मांजर स्वतः मात्र तुर्कस्थानांत जिवंत होतें. अंकाऱ्याच्या प्राणिसंग्रहालयांत पांढऱ्या अंगोरांचा वंश जतन केला होता. १९६२ सालीं तेथून एक जोडी अमेरिकेंत गेली आणि त्या जातीला पुन्हां मान्यता मिळाली. हरवलेल्या नातलगाचा पत्ता साठ वर्षांनीं सांपडावा तसें हें झालें.

अंगोराच्या पांढऱ्या रंगावरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर्वस्वीं पांढरीं आणि निळ्या डोळ्यांचीं मांजरें बहुधा बहिरीं असतात, हें डार्विननें १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत नोंदविलें आहे. रूप आणि व्यंग कधीं कधीं एकाच बीजांतून येतात, याचें तें उदाहरण. इराणी मांजराच्या बाबतींत निसर्गानें असा अपराध केला नव्हता. तो पुढें माणसानें केला.

वीयरला त्याची चाहूल आधींच लागली होती. १८८७ सालीं इंग्लंडांत मांजरांच्या शोकिनांची राष्ट्रीय संस्था निघाली व तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. पण थोड्याच वर्षांत तो तींतून बाहेर पडला. सभासदांना मांजराच्या कल्याणापेक्षां बक्षिसें जिंकण्याची आस्था अधिक आहे, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. ज्यानें प्रदर्शनांचा पाया घातला त्याच्याच लेखणींतून हें उतरावें, याला वजन आहे.

बक्षिसाचा न्याय कसा चालतो पाहा. परीक्षकांच्या नियमांत लिहिलेलें असतें : डोकें गोल असावें, नाक आखूड असावें. आखूड म्हणजे किती, हें लिहिलेलें नसतें. यंदा ज्याचें नाक सर्वांत आखूड त्याला पदक. पुढल्या सालीं त्याचीं पिलें येतात, त्यांतलें आणखी आखूड नाकाचें निवडलें जातें. असें पिढ्यान्‌पिढ्या चाललें. १९३० नंतर अमेरिकेंत तांबूस रंगाच्या इराणी मांजरांत कांहीं पिलें अगदीं चपट्या तोंडाचीं निघूं लागलीं. पेकिनीज कुत्र्याच्या तोंडावरून त्यांना "पेक-फेस" असें नांव पडलें. एरवीं अशा पिलाला वैगुण्य म्हणून बाजूला ठेवलें असतें; येथें त्याचें कौतुक झालें. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हें चपटें तोंड इतर रंगांतही आलें आणि प्रदर्शनांतून तेंच इराणी मांजराचें आदर्श रूप म्हणून मिरवूं लागलें. नाक दोन डोळ्यांच्या मध्यें, कधीं त्याहून वर. बाजूनें पाहिलें तर कपाळ, नाक आणि हनुवटी एका सरळ रेषेंत, भिंतीवर थोपटलेल्या गोवरीसारखीं.

याचा त्रास सोसावा लागतो तो मांजराला. चेहऱ्याचीं हाडें आखडलीं, पण आंतले मऊ भाग तितके आखडत नाहींत. नाकपुड्या चिंचोळ्या होतात, श्वास घेतांना घरघर लागते. डोळ्यांतून नाकांत पाणी नेणारी नळी वळते व चेंपते, मग डोळे सतत पाझरतात आणि गालावर काळे डाग पडतात. जबडे एकमेकांवर बसत नाहींत, दांत वेडेवांकडे येतात. ताटलींतलें अन्न उचलणेंही कठीण जातें. पिलांचीं डोकीं रुंद, म्हणून मांजरीला वेणा जड जातात. मांजराला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. फार उकाडा झाला कीं तें तोंड उघडून धापा टाकतें. ज्याचा श्वासमार्गच अरुंद, त्याला वैशाखांतला नागपूर वा सोलापूर काय वाटत असेल याची कल्पना करावी.

लहान वर्तुळांत पैदास चालली कीं आणखी एक संकट येतें. इराणी मांजरांत मूत्रपिंडावर पाण्याचे फोड होण्याचा आनुवंशिक रोग आहे. फोड जन्मापासून असतात व सावकाश वाढत जातात. लक्षणें दिसतात तीं मांजर मध्यम वयाचें झाल्यावर, आणि तोंवर त्याचीं पिलें घरोघर गेलेलीं असतात. हा गुण लांब केंसांसारखा दबता नव्हे. आईबापांपैकीं एकाकडून आला तरी पुरे. हा दोष ज्या जनुकांत आहे तें २००४ सालीं सांपडलें. निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत शेंकडा ३६ पासून ४९ पर्यंत इराणी मांजरांत हा रोग आढळला आहे. तीन मांजरांत एकाहून जास्त, असें हें प्रमाण.

नांवाच्या खटल्यांतील शेवटची जबानीही शास्त्राचीच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनीं जगभरच्या सुमारें अकराशें मांजरांचें रक्तसंबंध तपासून २००८ सालीं निष्कर्ष मांडले. त्यांत आजचें इराणी मांजर पश्चिम आशियांतील गांवमांजरांच्या जवळ न निघतां पश्चिम युरोपांतील मांजरांच्या जवळ निघालें. वर दिलेला दबत्या गुणाचा हिशेब येथें उपयोगीं पडतो. पूर्वेकडून आलेलीं मांजरें थोडीं, तेथलीं स्थानिक मांजरें अगणित. संकर होत होत रक्त युरोपचें झालें, आणि पैदास करणारा लांब केंसांचें तेवढें पिलूं निवडीत गेला म्हणून केंस तेवढे पूर्वेचे राहिले. खोरासान किंवा काबूल, कोणीही दावा सांगितला तरी आजच्या इराणी मांजराच्या अंगावरील शाल तेवढी पूर्वेची, देह बव्हंशीं विलायतचा.

असें असूनही जुन्या रूपाचें मांजर नाहींसें झालेलें नाहीं. युरोप-अमेरिकेंत कांहीं लोकांनीं पदकांचा नाद सोडून नाक शाबूत असलेलें मांजर राखलें. त्याला ते "पारंपरिक इराणी" म्हणतात. पुण्या-मुंबईच्या बाजारांत त्यालाच "डॉल फेस", म्हणजे बाहुलीच्या तोंडाचें, म्हणतात. चपट्या तोंडाच्या मांजराला "पंच फेस". ठोसा बसल्यासारखें तोंड, असा त्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ! नांव ठेवणाऱ्यानें थट्टेनें ठेवलें असेल, पण खरें ठेवलें. आणि गंमत अशी कीं या ठोशाची किंमतही सहसा जास्तच सांगतात.

हें जुन्या वळणाचें मांजर ओळखणें अवघड नाहीं. डोकें गोल, गाल भरलेले, कान लहान व एकमेकांपासून दूर, डोळे मोठे. परंतु बाजूनें पाहिलें कीं नाकाचा उंचवटा स्पष्ट दिसतो. अंग ठेंगणें व भरीव, पाय आखूड, वजन साधारण तीनपासून साडेपांच किलोपर्यंत. वर लांब केंस आणि खालीं मऊ दाट लोंकर असा दुहेरी थर. आवाज बारीक, तोहि क्वचित्. उड्या मारून कपाटावर चढण्यापेक्षां गालिच्यावर पसरणें त्याला अधिक मानवतें. माणसाचा लळा आहे, पण गडबड सोसत नाहीं. देल्ला व्हाल्लेनें पाहिलेला माणसाळलेपणा चारशें वर्षांनींही तसाच आहे.

त्याची खरी चाकरी म्हणजे केंसांची. गांवमांजर आपली लोकर आपण चाटून साफ ठेवतें. याला तें पुरतें जमत नाहीं. कांखेंत, पोटाखालीं आणि कानांमागें गुंते होतात, आणि गुंता आवळला कीं कातडी ओढली जाऊन जखम होते. धातूच्या विरळ दांतांच्या फणीनें रोज पांचदहा मिनिटें विंचरलें पाहिजे. न विंचरल्यास सुटे केंस चाटतांना पोटांत जातात व त्यांचे गोळे होतात. पिलूं लहान असतांनाच फणीची संवय लावावी. मोठेपणीं प्रथम फणी दाखविली तर नखें दिसतात. उन्हाळ्यांत सावली, वारा आणि गार फरशी द्यावी.

पिलूं आणावयाचें तर तें आईजवळ निदान बारा आठवडे राहिलेलें असावें, आणि पाहावयास जातांना दुकानापेक्षां जेथें त्याची आई आहे त्या घरीं जावें. आईचें तोंड बाजूनें पाहावें. पिलाच्या नाकपुड्या उघड्या आहेत का, डोळ्यांचे कोपरे कोरडे आहेत का, निजलेलें असतां घरघर येते का, हें पाहावें. मग आईबापांच्या मूत्रपिंडाच्या परीक्षेचा कागद मागावा. गालाच्या आंतून बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावर ती परीक्षा होते, आणि मांजराच्या जन्मांत ती एकदांच करावी लागते.